दप्तरातले दोन चंद्र

सातारा हे छत्रपतींच्या गादीचे ठिकाण असताना, पूर्वेकडील कोरेगावच्या टापूत जमाबंदी, वतनांचे निवाडे आणि इनामांच्या सनदा ज्या धर्तीच्या मोडी कागदांवर उतरत, त्यांवरील कालनिर्देश पाहू लागले म्हणजे एकाच लेखणीने दोन निराळे चंद्र सांभाळल्याचे ध्यानात येते. पहिला शकाच्या मितीतला. सूर्यापासून चंद्राचे अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी सरते, अशा तीस तिथींचा मास होतो, आणि तो आकाश अभ्राच्छादित असले तरी अडत नाही. दुसरा ‘छ’ या अक्षरापुढे अंक मांडून लिहिलेल्या हिजरी महिन्याचा. त्याचा आरंभ मुळात पश्चिमेस, म्हणजे कोरेगावकरांच्या जरंडेश्वराच्या अंगास, संध्याकाळी कोर नजरेस पडण्यावर अवलंबून.

चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथी कधी वीस तासांत आटोपते, तर कधी सत्तावीस तासांच्या घरात जाते. सूर्योदयी असलेली तिथी दिवसाला लावण्याचा प्रघात असल्याने एखादीस दोन सूर्योदय लाभून तिची वृद्धी होते, एखादीस एकही न लाभता तिचा क्षय होतो. डोळ्यांनी पाहून ठेवलेली नावेही आपल्याकडे होतीच. एका कलेने उणी ती अनुमती, परिपूर्ण ती राका, चंद्ररेखा दिसते ती अमावास्या सिनीवाली आणि मुळीच दिसत नाही ती कुहू, असा भेद अमरकोशाने नोंदला आहे. परंतु ही नावे कोशातच राहिली. हप्त्याची मुदत राकेवर बांधता येत नाही, पंचमीवर येते.

तथापि चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, सौर वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे. मितीच्या चंद्राला अधिक मास मिळून तो ऋतूंशी जुळता राहिला. हिजरी चंद्राला ती सवलत नसल्याने त्याचा मोहरम कधी पावसात, कधी उन्हाळ्यात येई. पिकावर बसणारा सारा अशा वर्षावर सोपवणे शक्य नव्हते. म्हणून इसन्ने, सलास, अर्बा या अरबी संख्यानामांनी लिहिला जाणारा शुहूर सन सूर्याच्या मृग नक्षत्री प्रवेशाला, म्हणजे खरिपाच्या तोंडाला, बांधला गेला. सणांचा मान मात्र चंद्राकडेच राहिला. अन्यत्र पोळा श्रावणी अमावास्येस, तर साताऱ्याकडे बेंदूर आषाढी पौर्णिमेच्या सुमारास.

गणितही अढळ राहिले नाही. गणेश दैवज्ञाच्या 1520 च्या ‘ग्रहलाघवा’वर महाराष्ट्राची पंचांगे शतकानुशतके चालली, गणित आणि वेध यांतील अंतर वाढले, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि पंचांगशुद्धीचा वाद पेटला. त्या वादाचा निकाल आकाशच देऊ शकत होते, कारण मोजलेला चंद्र दिसणाऱ्या चंद्राशी जुळेना, तर दोष गणिताकडेच जातो.

हे नाते संकष्टीस स्पष्ट दिसते. त्या दिवशी सूर्योदयाची तिथी बाजूस ठेवून चंद्रोदयाला असलेली वद्य चतुर्थी ग्राह्य धरतात. उपवासही चंद्रदर्शनाशी जोडलेला. पण श्रावणात ढग दाटले, तर दिनदर्शिकेत छापलेली चंद्रोदयाची वेळ पाहून कोरेगावातले घर अर्घ्य देते आणि जेवायला बसते.