वारली लग्नघरी बाहेरचा पाहुणा

आपण आज मनवेलपाड्यात जमलोय, आणि या नावातच 'पाडा' आहे. पाडा म्हणजे मूळ गावापासून थोडी बाजूला असलेली छोटी वस्ती. पालघर जिल्ह्यात असे पाडे जागोजाग आहेत आणि त्यांतले पुष्कळसे वारल्यांचे आहेत. २०१३ सालापासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली. कामावरच्या सोबत्याने तिकडच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, तर विरारहून जाणं आता काही अवघड नाही. अवघड आहे ते तिथे गेल्यावर काय चाललंय हे समजणं. तेच आज पाहू.

पहिली गोष्ट, तिथे भटजी शोधू नका. परंपरेने वारली लग्न लावते ती धवलेरी. ही बाई लग्नाची गाणी म्हणते आणि त्या गाण्यांबरोबर एकेक विधी पुढे जातो. आपल्याला वाटतं, गाणी चाललीत, तोवर जरा गप्पा मारू. पण तिथे गाणं म्हणजेच विधी. तेव्हा धवलेरी गात असताना आपण गप्प बसावं हे बरं.

दुसरी गोष्ट, भिंतीवरचा चौक. गेरूने किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो लिहितात. मधल्या चौकटीत पालघाट देवी असते, शेजारच्या लहान चौकटीत पंचशिऱ्या देव. चौकाशिवाय लग्न लागत नाही. कपांवर, साड्यांवर आपण जी 'वारली डिझाइन' पाहतो, तिचं मूळ या भिंतीत आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या कलावंतांमुळे ही चित्रं कागदावर आली, आणि गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. पण लग्नघरातला चौक प्रदर्शनातलं चित्र नव्हे, तो देव्हारा आहे. म्हणून मोबाइल काढण्याआधी घरच्यांना विचारायचं. ते नको म्हणाले तर विषय संपला.

आता तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पैसा. इथे जरा तुर्कस्तानात डोकावू. तिथल्या लग्नात पाहुणे एकामागून एक पुढे येतात आणि लाल फितीला बांधलेलं सोन्याचं नाणं किंवा नोटा नवरा-नवरीच्या अंगावर टाचतात. परदेशी पाहुण्याला हा दिखावा वाटू शकतो. पण हिशेब साधा आहे. नव्या संसाराला भांडवल मिळतं, आणि आज ज्यांनी दिलं त्यांच्या घरच्या लग्नात ते परत करायचं असतं. आपला आहेरही मुळात हेच काम करतो. लग्नाचा भार एका घरावर पडू नये, म्हणून तो सगळ्यांनी थोडा थोडा उचलायचा.

हा भार उचलायला कोणी नसेल तर काय होतं, ते याच जिल्ह्याने पाहिलंय. वारल्यांत देज नवऱ्या मुलाकडून द्यायची रीत. हातात पैसा नाही, मग सावकाराकडून कर्ज. ते फेडायला नवरा त्याच्याकडे राबायचा आणि लग्न करून आणलेली बायकोही राबायची. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. म्हणजे बघा, लग्न केलं म्हणून माणूस गुलाम झाला! सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या १९३९च्या सरकारी अहवालात ही पद्धत नोंदलेली आहे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली आणि वेठ-गुलामीविरुद्ध उठाव सुरू झाला. त्यात लग्नगडी सुटले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही हकिकत लिहिली आहे. वेठबिगारी बंद करणारा देशव्यापी कायदा यायला मात्र १९७६ साल उजाडलं.

हे माहीत असलं की आजच्या काही गोष्टी आपोआप उलगडतात. कधी मांडवात नवरा-नवरीची मुलंच खेळताना दिसतात. खर्च झेपत नाही म्हणून जोडपं आधी संसार थाटतं आणि जमेल तेव्हा विधी करतं. समाजाला ते मान्य असतं. सामुदायिक विवाहांत अशी जोडपी बरीच असतात. तेव्हा "आधी मुलं, मग लग्न?" असं हसून विचारू नये. त्या उशिरामागे कर्ज न काढण्याचा शहाणपणाही असू शकतो.

मग आपण न्यायचं काय? भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू नको. पाकिटात पैसे घाला, किंवा काय लागेल ते सोबत्याला आधीच विचारा. तांदूळ, भांडी, जे उपयोगाचं असेल ते. आणि शक्यतो लग्नाआधीच पोचवा, कारण खर्च तेव्हाच असतो. पानात येईल ते जमिनीवर बसून सगळ्यांबरोबर खावं. दारू पुढे आली आणि घ्यायची नसेल, तर हात जोडून नको म्हणावं, नाक मुरडू नये.

आणि उद्या आपल्या घरी कार्य निघेल, तेव्हा त्या सोबत्याला सहकुटुंब बोलवा. आहेराचा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालला, तरच आपण तिथे पाहुणे होतो. नाहीतर नुसते प्रेक्षक.