कंदील-बत्ती घेऊन रात्री बाहेर पडताना

पहिला जोराचा पाऊस झाला की कोकणात नदी-ओढ्यांच्या काठी रात्री दिवे हलू लागतात. मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर चढतात, भाताच्या खाचरांत शिरतात. रायगडकडे याला वलगण म्हणतात, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे चढणीचे मासे. खेकडेही याच दिवसांत बिळांबाहेर पडतात. मुंबईत गोदीत, कारखान्यात, सफाई खात्यात राबणारा माणूसही चार दिवसांची रजा टाकून गावी जातो आणि भावकीतल्या पोरांबरोबर रात्री ओढ्यावर निघतो. पूर्वी हातात पेटती चूड असे. नंतर कंदील आला, मग पेट्रोमॅक्सची बत्ती आली. आज एलईडीच्या विजेऱ्या स्वस्त झाल्या आहेत, तरीही माळ्यावरची जुनी बत्ती अनेक घरांत अशा रात्री खाली उतरते. तरुण मंडळांच्या शिबिरांत आणि किल्ल्यावरच्या मुक्कामातही कंदील हौसेने नेला जातो.

हे दिवे वापरणाऱ्या जुन्या माणसांचे हात सरावलेले होते. आजच्या पोरांना दिवा मिळतो, पण तो वापरण्याची रीत कोणी सांगत नाही. म्हणून ही माहिती देत आहे. ती घरातल्या मायभगिनींनीही वाचावी. कारण बत्ती बाहेर पेटत असली तरी रॉकेलचा डबा घरातच असतो.

वाऱ्यात न विझणारा कंदील

कंदिलाच्या दोन्ही बाजूंना वरून खाली येणाऱ्या पत्र्याच्या नळ्या असतात. त्या केवळ काच सांभाळण्यासाठी आहेत असे पुष्कळांना वाटते. खरे तर कंदिलाचा श्वास त्या नळ्यांतून चालतो. ज्योतीची गरम हवा काचेतून वर जाते आणि नळ्यांतून हवा खाली बर्नरकडे येते. त्यामुळे बाहेरचा वारा ज्योतीवर थेट आदळत नाही. ही रचना अमेरिकेतील जॉन आयर्विन याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शोधली. आपल्याकडे कराडजवळ ओगलेवाडी येथे १९१६ साली ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला आणि तिथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघर गेला.

कंदील काजळी धरतो, तो बहुतेक वेळा वातीच्या दोषाने. वात सरळ कापावी आणि तिचे दोन्ही कोपरे किंचित छाटावेत. पेटवल्यावर पहिली पाच मिनिटे वात खाली ठेवावी. काच तापली की हळूहळू वर करावी. वात जास्त वर केल्याने उजेड वाढत नाही, धूर वाढतो. काच थंड असतानाच चुलीच्या राखेने आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसावी. तापलेल्या काचेवर पावसाचे दोन थेंब पडले तरी ती तडकते, हे ओढ्यावर जाणाऱ्याने विसरू नये.

बत्तीचा उजेड येतो कुठून?

साध्या कंदिलाचा उजेड पाच-दहा मेणबत्त्यांएवढा, तर बत्तीचा तीनशे-चारशे मेणबत्त्यांएवढा असतो. रॉकेल तेच, मग एवढा फरक का? बत्तीत वात नाही. पंपाने टाकीत हवा भरली की दाबामुळे रॉकेल नळीतून वर चढते, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती वाफ निपलच्या बारीक छिद्रातून बाहेर येऊन हवेत मिसळून जळते. या आचेने मँटलची जाळी पांढरीशुभ्र तापते. आपल्याला दिसतो तो या तापलेल्या जाळीचा उजेड. ही जाळी ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर याने १८८५ साली शोधली, आणि पुढे बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ याच्या कारखान्यात पेट्रोमॅक्स तयार झाली. तिच्या नावातला ‘मॅक्स’ तो हाच. लग्नाच्या वरातीत ही तापलेली बत्ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसे मात्र आपल्यासारखी कष्टकरीच होती. वरात त्या उजेडात नाचली, आणि आच त्यांनी सोसली.

हिशेबही पाहून ठेवा. मोठ्या बत्तीची एक लिटरची टाकी साधारण आठ तास चालते, म्हणजे तासाला सुमारे १२५ मिलिलिटर रॉकेल. कंदिलाला तासाला वीस-तीस मिलिलिटर पुरते. केंद्र सरकारने २०२० सालापर्यंत रेशनच्या रॉकेलवरचे अनुदान टप्प्याटप्प्याने संपवले. तेव्हा रॉकेल मिळवणे कठीण आणि महाग झाले आहे. चार माणसे बसून भाकरी खाणार असतील तर कंदील पुरे. पाण्यात मासा शोधायचा असेल तेव्हाच बत्ती पेटवावी.

पेटवण्याची रीत

टाकी तीन भाग भरावी, एक भाग हवेसाठी रिकामा ठेवावा. आधी वाटीत स्पिरिट घालून पेटवावे आणि ते संपत येईपर्यंत थांबावे. घाई करणाऱ्याच्या बत्तीतून वाफेऐवजी ओले रॉकेल येते आणि ज्वाळा वर उसळते. असे झाले तर घाबरून बत्ती फेकू नये. हवेचा स्क्रू सैल करून दाब सोडावा आणि मागे सरावे. रॉकेलच्या आगीवर पाणी ओतू नये, माती, वाळू किंवा ओले गोणपाट टाकावे. पेटत्या किंवा गरम दिव्यात रॉकेल भरू नये. नायलॉनची साडी, प्लॅस्टिकचा रेनकोट यांपासून दिवा हातभर दूर धरावा.

मँटलबद्दल फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट सांगायला हवी. जुन्या पद्धतीच्या मँटलमध्ये थोरियम असते आणि ते किरणोत्सारी आहे. त्याचे प्रमाण थोडे असते, त्यामुळे बत्तीजवळ उभे राहिल्याने भीती नाही. पण नवा मँटल पहिल्यांदा जाळताना धूर येतो, तो छातीत जाऊ देऊ नये. हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून करावे. फुटलेल्या मँटलची राख तोंडाने फुंकू नये. ओल्या कागदाने टिपून टाकावी, हात धुवावेत आणि मगच भाकरीला हात लावावा. लहान मुलांच्या हाती मँटल देऊ नये.

जिवावर बेतणाऱ्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे रॉकेल कमी पडले की त्यात पेट्रोल मिसळणे. रॉकेलची वाफ साध्या हवेत सहज पेट घेत नाही, पेट्रोलची थंडीतही घेते. थोडे पेट्रोल मिसळले तरी कंदिलाचा स्फोट होऊ शकतो. अनोळखी ठिकाणाहून घेतलेल्या रॉकेलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते दिव्यात घालू नये.

दुसरी चूक म्हणजे पेटता दिवा तंबूत, होडीच्या खोपटात किंवा बंद खोलीत ठेवून झोपणे. बाहेर पाऊस, आत ऊब, म्हणून हे करण्याचा मोह होतो. हवा कमी पडली की ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गरगरते, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. झोपताना दिवा विझवून बाहेर ठेवा. तंबूत लागेल तर विजेरी वापरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ सालीच घरात रॉकेल जाळू नये असे सांगितले आहे. कंदील हा बाहेरचा दिवा आहे, त्याला बाहेरच ठेवावे.

तिसरी चूक म्हणजे शीतपेयाच्या बाटलीत रॉकेल भरून कोपऱ्यात ठेवणे. तहानलेले मूल ते पाणी समजून पिते. असे झाल्यास त्याला उलटी करायला लावू नये. उलटीबरोबर रॉकेल फुप्फुसांत जाते आणि तिथेच खरा घात होतो. तडक दवाखाना गाठावा. आणि भाजले असेल तर वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये.

पाण्याकाठी

उजेड पडला की खेकडा क्षणभर जागीच थबकतो, आणि कोळंबीचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. म्हणून तर बत्ती नेतात. बत्तीच्या एका बाजूला पत्रा लावला की उजेड पाण्यावर पडतो आणि धरणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत. पण उजेडाच्या पलीकडचा अंधार जास्तच दाट वाटतो. बत्तीपुढे पाहणाऱ्याला वरच्या अंगाने येणारा लोंढा किंवा खाडीची चढती भरती दिसत नाही. म्हणून एकाने बत्तीपासून दूर काठावर उभे राहून पाण्यावर नजर ठेवावी. उजेडाला घाबरून साप पळतो हा समजही खोटा आहे. बिळात हात घालू नये, पायात गमबूट असावेत. साप चावलाच तर मांत्रिकाकडे न जाता १०८ ला फोन करावा.

मासा चढतो तेव्हा त्याच्या पोटात गाबोळी असते. सगळाच धरला तर पुढच्या वर्षी ओढा रिकामा राहील. पोटापुरते घ्यावे, बाकीचे वर जाऊ द्यावे.

उजेडाची मर्यादा

ससा, भेकर, रानडुक्कर यांनाही दिवा दिपवतो. पण दिव्याच्या उजेडात जनावर टिपणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हौस म्हणून गेलेल्या पोराला तुरुंग दिसतो आणि वकिलाच्या फीसाठी आई-बापाच्या जमिनीचा तुकडा जातो. तरुणांनी या वाटेला जाऊ नये.

समुद्रातही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. जनरेटरवर चालणाऱ्या प्रखर एलईडी दिव्यांनी मोठ्या बोटी मासळी एका जागी ओढून घेतात, लहान पिल्लेही सुटत नाहीत. होडीवाल्या कोळ्याच्या जाळ्यात मग काही उरत नाही. केंद्राने २०१७ साली अशा मासेमारीवर बंदी घातली, महाराष्ट्राने २०२१ साली कायदा दुरुस्त करून दंड वाढवला. कायदा कागदावर आहे, तो अमलात यावा म्हणून किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार आजही झगडत आहेत.

कंदिलाच्या उजेडात माणूस आपल्यापुरते घेऊ शकतो, एवढीच त्याची ताकद. ती पुरेशी आहे. यंदा गावी जाल तेव्हा बत्ती उतरवा, वायसर तपासा, मँटल नवा घाला, आणि पोरांच्या हाती दिवा देण्याआधी वरच्या तीन चुका त्यांच्याकडून तोंडपाठ म्हणवून घ्या.