प्रस्तरारोहणातील सुरक्षितता : दोर सांभाळणाऱ्याची जबाबदारी

वसई तालुक्यातील राजोडी, अर्नाळा, कळंब या किनाऱ्यावरील गावांना दोराचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. प्रस्तरारोहणात आरोहकाचा जीव राखणाऱ्या क्रियेला ‘बिले’ म्हणतात, तो शब्दही मूळचा दर्यावर्दींचाच आहे. जहाजावरील दोर खुंटीभोवती वेढे देऊन पक्का करणे, हा त्याचा मूळ अर्थ. या किनारपट्टीच्या पूर्वेस तुंगारेश्वरची डोंगररांग, कामणदुर्ग व टकमक हे किल्ले आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या सहली व साहस शिबिरे आता अशा डोंगरांकडे वळू लागली आहेत. त्यामुळे त्यांना अनुमती देणाऱ्यांनी व विद्यार्थ्यांसोबत जाणाऱ्यांनी या क्रियेमागील शास्त्र समजून घेणे अगत्याचे आहे.

दोर असला म्हणजे सुरक्षितता आली, हा समज चुकीचा आहे. १८६५ साली आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखर प्रथमच सर करून सात जण उतरत होते. सर्वजण एकाच दोरीने जोडलेले होते. एकाचा पाय घसरला, त्याने इतरांना खेचले, मधला कमकुवत दोर तुटला आणि चौघांचा अंत झाला. दोर तर होता. परंतु धक्का सोसण्याची क्षमता व पतन रोखण्याची व्यवस्था नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉनचे दोर आले आणि ताणले जाऊन धक्का जिरविणारा दोर गिर्यारोहकांना उपलब्ध झाला.

पतनाचा धक्का कसा ठरतो?

आघाडीचा आरोहक वर चढताना कातळात बसविलेल्या खिळ्यांत वा बोल्टांत कडी अडकवून तीतून दोर ओवीत जातो. खाली उभा असलेला साथीदार, म्हणजे रक्षक, गरजेप्रमाणे दोर सोडतो. शेवटच्या कडीच्या ५ मीटर वर असताना हात सुटला, तर आरोहक कडीच्या खाली ५ मीटरपर्यंत, म्हणजे एकूण किमान १० मीटर पडतो. दोरातील ढील व ताण यांमुळे हे अंतर आणखी वाढते.

मात्र धक्का केवळ पडण्याच्या उंचीवर अवलंबून नसतो. पडण्याचे अंतर भागिले मोकळ्या दोराची लांबी, या गुणोत्तराला ‘पतनगुणांक’ म्हणतात. २० मीटर दोर सोडलेला असता १० मीटरचे पतन झाले, तर गुणांक ०.५ येतो. परंतु कड्यावरील टप्प्यावर थांबलेल्या रक्षकाच्या वर ५ मीटर चढेपर्यंत एकही कडी अडकविली नसेल, तर तेच १० मीटरचे पतन अवघ्या ५ मीटर दोरावर येते आणि गुणांक २ होतो. हीच सर्वांत कठीण अवस्था होय. म्हणून चढाईच्या आरंभी कड्या जवळजवळ लावणे आवश्यक असते.

आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रस्तरारोहणाचा एकेरी दोर ८० किलो वजनाची किमान पाच कठोर पतने सोसणारा असावा लागतो. पहिल्या पतनात तो ४० टक्क्यांहून अधिक ताणला जाता कामा नये, आणि धक्क्याचे बल सुमारे १,२०० किलो वजनाच्या भाराहून अधिक होता कामा नये. होडी बांधण्याचा वा माल ओढण्याचा दोर कितीही जाड व मजबूत दिसला, तरी तो या कसोटीसाठी तयार केलेला नसतो. उन्हाने व घर्षणाने त्याची झीजही झालेली असते. असा दोर चढाईस वापरणे सर्वस्वी वर्ज्य मानावे.

रक्षकाची कर्तव्ये

रक्षकाच्या कंबरपट्ट्यावरील बिले-साधनातून दोर वळणे घेत जातो. त्या घर्षणामुळे एका हाताने पतन रोखता येते. मात्र साधनाच्या पलीकडील दोर पकडणारा हात क्षणभरही सुटता कामा नये. १९९१ पासून दोर आपोआप आवळणारी साधने प्रचारात आली, तरी हा नियम बदललेला नाही.

चढाईपूर्वी दोघांनी परस्परांची तपासणी करावी. कंबरपट्ट्याचे बक्कल, आठच्या आकड्याची गाठ, कडीचे कुलूप व साधनातील दोराची दिशा पाहावी. दोराच्या मोकळ्या टोकास गाठ मारावी, कारण आरोहकाला खाली उतरविताना टोक साधनातून निसटून अपघात घडतात. रक्षकाने कड्यालगत उभे राहावे व ढील बेताची ठेवावी. तो वजनाने बराच हलका असल्यास त्याला जमिनीशी बांधून घ्यावे. वरचा आधार किमान दोन स्वतंत्र बिंदूंवर असावा.

सह्याद्रीचा कातळ हा थरांवर थर साचलेला बेसाल्ट आहे. त्यात ठिसूळ पट्टे, सुटे धोंडे व माथ्यालगत गवताळ घसारा आढळतो. म्हणून शिरस्त्राण आरोहकाइतकेच रक्षकालाही अनिवार्य आहे. पावसाळ्यातील शेवाळ आणि कड्यांवरील आग्या मोहळे यांचाही आधी विचार व्हावा.

पाहावयाच्या बाबी

राज्य शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या व २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. शिबिराचा प्रस्ताव आल्यावर मुख्याध्यापकांनी व स्थानिक संस्थांनी आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षकांची पात्रता, दोरांच्या वापराची नोंदवही, प्रथमोपचाराची सोय आणि रुग्णवाहिकेला पोहोचण्याचा मार्ग यांविषयी लेखी माहिती घ्यावी. कंबरपट्ट्यात निश्चल लोंबकळत राहणेही घातक असते. त्यामुळे जखमीस त्वरेने पण पाठीचा कणा सांभाळून खाली आणण्याची योजना आयोजकांकडे असलीच पाहिजे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येईल. कड्यावरून रस्त्यापर्यंतची वाट मात्र बहुधा सोबत्यांना व गावकऱ्यांनाच पार करावी लागते.

डोंगराची ओढ तरुणांच्या अंगी धैर्य व शिस्त बाणवते. तिला आळा घालण्याचे कारण नाही. मात्र वर चढणाऱ्याचे कौतुक करताना खाली दोर धरून उभा असलेल्याचे प्रशिक्षण किती झाले आहे, हा प्रश्न अनुमतीच्या कागदावर स्वाक्षरी करण्यापूर्वी अवश्य विचारला जावा.