वर्गात गांडूळ पाळू या!

पेण-रोह्याकडच्या शाळांत गेलं की मुलांचा हट्ट ठरलेला, ‘बाई, वर्गात काहीतरी पाळू या ना!’ आपल्याकडचे पोपट, कासवं पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी. मासे आणावेत, तर सुट्टीत खाऊ कोण घालणार? मग मैत्रिणींनो, गांडूळ का नको? त्याला डोळे नाहीत, फुप्फुसं नाहीत. ओलसर कातडीनं ते श्वास घेतं. डार्विननं १८८१ साली त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं!

जुन्या टबाला तळाशी भोकं पाडा. नारळाची सोडणं, पालापाचोळा, अर्धवट कुजलेलं शेण घालून टब सावलीत ठेवा. गांडुळं गांडूळखत करणाऱ्या शेतकऱ्याकडूनच आणा. खोल मातीत राहणारी टबात टिकत नाहीत. वर ओलं गोणपाट. शाळेच्या खिचडीसाठी चिरलेल्या भाजीची सालं, देठं टाका; मीठ, तेल, लिंबू नको. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे. सुट्टीत शाळेजवळच्या एखाद्या आईनं आठवड्यातून दोन-तीनदा पाणी शिंपडलं की झालं.

पावसात वर आलेल्या गांडुळावर मीठ टाकून गंमत बघणारी मुलं आपण पाहतोच. तीच मुलं ‘बाई, गोणपाट सुकलंय’ म्हणून धावत आली, तर भूतदयेचा धडा वेगळा शिकवायला नको!