सिलिंडर आपल्या नावावर, गॅस गाडीत

मागे खांबला गटाची बैठक चालू होती. कर्जाचा हिशेब झाल्यावर एक ताई हळूच म्हणाली, "व्हॅनला पेट्रोल परवडत नाही. दीर म्हणतात, घरचाच सिलिंडर मागे ठेवून नळी जोडू. चालेल का गं?" त्या व्हॅनमधून वाडीतली मुलं शाळेत जातात. आणि गॅसचं पुस्तक ताईच्याच नावावर.

एलपीजीवर गाडी चालवायला बंदी नाही. पण घरगुती सिलिंडर गाडीला वापरणं २००० सालच्या एलपीजी आदेशाप्रमाणे गुन्हा आहे. त्यामागे कारणही आहे.

शेगडीला सिलिंडरच्या वरच्या भागातला वायू थोडाथोडा लागतो. इंजिन तो भराभर ओढतं. मग सिलिंडर गार पडतो, बाहेरून दव धरतो, दाब उतरतो आणि गाडी आचके देते. अशा वेळी कोणी सिलिंडर आडवा करतं, तर कोणी त्यावर गरम पाणी ओततं! आडवा केला की नळीत पातळ गॅस येतो. आपला रेग्युलेटर त्यासाठी बनलेलाच नाही.

मान्यताप्राप्त किटमध्ये पातळ गॅसच घेतात, पण इंजिनच्या गरम पाण्यावर त्याचा वायू करून. टाकी ८० टक्के भरली की भरणं आपोआप थांबतं, म्हणजे उन्हात गॅस फुगायला जागा राहते. इंजिन बंद पडलं की गॅसही बंद होतो. व्हॉल्व्हपाशी गळती झालीच, तर गॅस गाडीबाहेर जातो. घरच्या जोडणीत यातलं काहीच नसतं. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो गाडीत खालीच, मुलांच्या पायाशी साचतो. स्वयंपाकघरात वास आला तर आपण दार उघडतो. पावसात काचा लावलेल्या व्हॅनमध्ये काय करणार?

किट त्या मॉडेलसाठी मंजूर हवं आणि अधिकृत केंद्रातच बसवायला हवं. मग पेणच्या आरटीओत आरसी बुकावर इंधनाची नोंद करायची आणि विमा कंपनीलाही कळवायचं. नाहीतर अपघातात भरपाई अडते. आमचं आणखी एक म्हणणं: पैसे घालण्याआधी रोजच्या वाटेवर ऑटो एलपीजीचा पंप आहे का ते बघा. पंप लांब असला की माणूस पुन्हा घरच्या सिलिंडरकडेच वळतो. मग सीएनजीची चौकशी केलेली बरी.

ताईने दिरांना हे सगळं सांगितलं. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेणला जाऊन खर्च विचारून आले. आता पुढच्या बैठकीत तिचा कर्जाचा अर्ज आहे.