विश्लेषण : डोळ्यात रुतलेला कण किती खोल? ओसीटी ते कसे सांगते?

ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कण, उसाच्या पाल्याचे कुसळ किंवा काचेची कपची डोळ्यात रुतली, की कधी एकदा ती काढतो असे होते. डॉक्टर मात्र ती किती खोल गेली आहे, हे आधी पाहतात. उपचार त्यावरच ठरतात.

खोलीला एवढे महत्त्व का?

बुबुळावरचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. कण अगदी वरच्या थरात असेल, तर बधिर करणारे थेंब टाकून तो ओपीडीतच काढता येतो. कण त्याखालच्या जाड थरात गेला असेल, तर व्रण राहू शकतो. हा व्रण बाहुलीसमोर आला, तर नजर अधू होते. कणाने पडदा आरपार भेदला असेल, तर तो ओढताच डोळ्यातील पाणी बाहेर येऊ शकते. असा कण शस्त्रक्रियागृहातच, टाके घालण्याच्या तयारीने काढावा लागतो.

ओसीटी कधी लागते?

पहिली तपासणी स्लिट लॅम्पवर होते. बहुतेकदा तेवढ्यावर भागते. पण कणाभोवती सूज किंवा पांढुरकेपणा आला असेल, तर खोलीचा अंदाज चुकू शकतो. तेव्हा ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी उपयोगी पडते. सोनोग्राफीत ध्वनिलहरी वापरतात, तर यात प्रकाश. परावर्तित प्रकाशावरून पडद्याचा उभा छेद पडद्यावर, अर्थात संगणकाच्या, उमटतो आणि कणाची खोली मायक्रॉनमध्ये मोजता येते. डोळ्याला स्पर्श होत नाही, क्ष-किरणही लागत नाहीत. डोळ्याच्या पुढच्या भागाच्या अशा प्रतिमा १९९४मध्ये प्रथम प्रसिद्ध झाल्या.

या तपासणीला मर्यादा आहेत का?

आहेत. धातू प्रकाश अडवतो. त्यामुळे प्रतिमेत त्याच्यामागे काळी सावली पडते आणि कणाचे मागचे टोक तिच्यात लपू शकते. काचेतून प्रकाश जात असल्याने तिच्या दोन्ही कडा दिसू शकतात. हातोडा-छिन्नीच्या कामात वेगाने उडालेला कण डोळ्याच्या आत गेल्याची शंका असेल, तर सीटी स्कॅन करतात. लोखंडी कणाची शंका असताना एमआरआय टाळतात. त्यातील चुंबकामुळे कण हलून आणखी इजा होऊ शकते.

कण गेल्यास काय करावे?

डोळा चोळू नये. रुमालाचे टोक किंवा काडीने कण काढण्याचा प्रयत्न करू नये, सहकाऱ्यालाही करू देऊ नये. लोखंडी कणाभोवती काही तासांतच गंजाचे कडे धरू लागते. पाला-कुसळामुळे बुरशीचा संसर्ग होण्याची भीती असते. बधिर करणारे थेंब परस्पर आणून वापरू नयेत. त्याने ठणका थांबतो, पण जखम भरत नाही आणि कॉर्निया आणखी खराब होतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे आणि कण कशाचा, कोणते काम करताना उडाला, हे सांगावे. कोणती तपासणी करायची, हे ठरवायला ती माहिती लागते.