हॅलिफॅक्सहून, दर सोमवारी

१९६९च्या वसंतात कॅनडाच्या संसदेत एका फिडलवाल्यावरून प्रश्न विचारला गेला. सीबीसी या सार्वजनिक दूरचित्रवाहिनीने ‘डॉन मेसर्स ज्युबिली’ हा कार्यक्रम बंद करायचं ठरवलं होतं. वाहिनीला तरुण प्रेक्षक हवा होता आणि या कार्यक्रमावर जुनाटपणाचा शिक्का बसला होता. देशभरातून पत्रं आणि फोन येऊन धडकले, राजधानीत निदर्शनं झाली आणि माजी पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी सभागृहात विषय काढला. निर्णय काही फिरला नाही. पण राजधानीपासून दूर, अटलांटिकच्या काठावरच्या हॅलिफॅक्स केंद्राने बनवलेल्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी एवढा अवाढव्य देश पेटून उठतो, हे काही रोज घडत नाही.

हॅलिफॅक्स ही नोव्हा स्कोशिया प्रांताची राजधानी. शेजारी न्यू ब्रन्सविक आणि प्रिन्स एडवर्ड आयलंड. मासेमारी, कोळशाच्या खाणी, लाकूडतोड आणि बटाट्याची शेती यांवर हे प्रांत जगत, आणि पोट भरलं नाही की तिथली पोरं टोरंटोची किंवा त्याही पलीकडची वाट धरत. गाणं-वाजवणं मात्र घरोघरी होतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेल्यांची फिडल, आयरिश खलाशांची गाणी, अकेडियन फ्रेंचांचे नाच असं सगळं या किनाऱ्यावर एकमेकांत मिसळलं होतं. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त मैफलीऐवजी नाचासाठी वाजवायचं.

हॅलिफॅक्सचं दूरचित्रवाणी केंद्र डिसेंबर १९५४मध्ये सुरू झालं. दोन वर्षांत डॉन मेसर आणि त्यांचा ‘आयलँडर्स’ हा वाद्यवृंद त्याच्या पडद्यावर आला. १९५८च्या जुलैत कॅनडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मायक्रोवेव्ह मनोऱ्यांची साखळी पुरी झाली. एरवी देशाने पाहायचं ते टोरंटोत ठरायचं. आता हॅलिफॅक्सच्या स्टुडिओतलं गाणंही त्याच संध्याकाळी पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पोचवता येणार होतं. १९५९च्या उन्हाळ्यात मेसर यांना दुसऱ्या एका कार्यक्रमाची रिकामी जागा भरायला बोलावलं गेलं आणि ते तिथेच ठाण मांडून बसले. साठच्या दशकाच्या मध्याला त्यांच्या प्रेक्षकसंख्येची तुलना बर्फावरच्या हॉकीच्या सामन्यांशी होऊ लागली. हॉकी हा कॅनडाचा धर्म आहे, एवढं सांगितलं की या तुलनेचं वजन कळेल.

मेसर १९०९ साली न्यू ब्रन्सविकमधल्या ट्वीडसाइड नावाच्या खेड्यात जन्मले. अकरा भावंडांत सगळ्यात धाकटे. पाचव्या वर्षी हातात फिडल आली, पोरवयातच गावच्या नाचांत वाजवू लागले. पुढे रेडिओ आला. १९३९ साली ते प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या शार्लटटाउनला सीएफसीवाय केंद्रावर गेले आणि ‘आयलँडर्स’ तिथेच जमले. लाकूडतोडीच्या छावण्यांत गाणारे धिप्पाड चार्ली चेंबरलेन त्यांच्याबरोबर आधीपासून होते. १९४७ साली शांत, स्वच्छ गळ्याच्या मार्ग ऑसबर्न आल्या. दूरचित्रवाणीवर दिसू लागले तेव्हा ही सगळी मंडळी लोकांना आवाजाने ओळखीची होती.

त्या कार्यक्रमाचे जे भाग आज पाहायला मिळतात ते काळे-पांढरे आहेत. मी ते पुन्हा पुन्हा पाहत असतो, आणि प्रत्येक वेळी नजर मेसर यांच्या उजव्या हातावर जाते. सूट-टाय घातलेला मध्यमवयीन गृहस्थ, चेहऱ्यावर लाजरं, जेमतेम दिसेल असं हसू. मनगट सैल, गज तारेवर एकसारखा चालतोय, कुठे झटका नाही, कुठे करामत नाही. रील या नाचाच्या धुनेचे दोन भाग असतात आणि दोन्ही दोनदा वाजवतात. मेसर ते चारही वेळा सारख्याच स्वच्छपणे वाजवतात, एकही सूर दुसऱ्यात बुडत नाही. मागे पियानो ठेका धरतो, क्लॅरिनेट हळूच धुनेला बिलगते, पुढे ग्युंटर बुख्टा यांचे नर्तक जोड्याजोड्यांनी फेर धरतात. मेसर स्वतः जवळपास बोलतच नाहीत; बोलण्याचं काम निवेदक डॉन ट्रेमेन यांचं. शेवटाकडे मार्ग आणि चार्ली मिळून एक भक्तिगीत म्हणतात.

कॅनडाच्या कोपऱ्याकोपऱ्यात, मेसर जिथे कधी गेलेही नसतील अशा गावांत, हौशी वादक ‘मेसरसारखं’ वाजवू लागले ते या स्वच्छपणामुळेच. दर आठवड्याला तेच वळण, तोच वेग, प्रत्येक सूर सुटा. शिकणाऱ्याला कानावरून धून उचलायला आणखी काय हवं? मोठमोठे वादक आपली करामत दाखवायला पडद्यावर येतात आणि पाहणारा थक्क होऊन हात जोडतो. मेसर यांना पाहून लोक कोपऱ्यात पडलेली फिडल काढत. माझ्या मते लोकसंगीतासाठी दूरचित्रवाणीने केलेलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे, आणि वाहिनीच्या अधिकाऱ्यांना ते अखेरपर्यंत दिसलं नाही.

याच केंद्राने त्याहून धाडसाचं काम केलं ते उन्हाळ्यात. मेसर सुट्टीवर गेले की त्यांच्या जागी काय दाखवायचं, म्हणून ३ जुलै १९६१ रोजी ‘सिंगअलाँग ज्युबिली’ सुरू झाली. बिल लँगस्ट्रॉथ हे तिचे कर्तेधर्ते. मेसर यांच्या कार्यक्रमाची निर्मितीही त्यांच्याकडेच होती; इथे ते बँजो घेऊन स्वतः कॅमेऱ्यासमोर उभे राहत. स्टुडिओत तरुण गायकांचा घोळका, हातात गिटारी, अंगावर साधे कपडे आणि घरात बसलेल्यांना सोबत गाण्याचं आमंत्रण. त्या घोळक्यात अंध फ्रेड मकेना होते. ते गिटार मांडीवर आडवी ठेवून वरून बोटं चालवत, आणि फिडलही तशीच मांडीवर घेऊन वाजवत. रोजच्या सरावाने आपली तऱ्हा आपणच घडवलेला माणूस कसा वाजवतो, ते त्यांच्याकडे पाहून कळतं.

या कार्यक्रमाची सगळ्यात मोठी देणगी म्हणजे एक गाणं, ‘फेअरवेल टु नोव्हा स्कोशिया’. आज ते त्या प्रांताचं अनधिकृत प्रांतगीत मानलं जातं. पण १९३०च्या दशकाच्या आरंभी ते पूर्व किनाऱ्यावरच्या थोड्याच घरांना ठाऊक होतं. तिथून ते वहीत उतरवलं हेलन क्रेटन यांनी. बाई १८९९ साली हॅलिफॅक्सच्या समोरच्या डार्टमथ गावात जन्मल्या आणि १९२८पासून गाणी गोळा करायला निघाल्या. बंदराच्या तोंडाशी असलेल्या डेव्हिल्स आयलंडवरच्या कोळ्यांची गाणी टिपायला गेल्या तेव्हा सुरावट पकडण्यासाठी सोबत एक छोटा मेलोडियन होता, आपल्या पायपेटीच्या कुळातला. तो वाहून न्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बाईंनी तो हातगाडीवर घातला आणि ढकलत नेला. पुढे ध्वनिमुद्रणाची यंत्रं आली, राष्ट्रीय संग्रहालयाचं पाठबळ आलं आणि आयुष्यभरात त्यांच्याकडे चार हजारांहून अधिक गाणी जमली.

छापलेल्या पुस्तकातलं गाणं मात्र अभ्यासकांच्या कपाटात पडून राहतं. हे गाणं तिथून बाहेर आणलं कॅथरिन मकिनन यांच्या आवाजाने. ‘सिंगअलाँग ज्युबिली’वर त्या ते गात राहिल्या, कार्यक्रमाची ओळखच ते गाणं बनलं, तबकडी निघाली, आणि गाव सोडून निघालेल्या खलाशाचं हे निरोपाचं गाणं टोरंटोच्या कारखान्यांत काम करणाऱ्या नोव्हा स्कोशियाच्या मुलांचं झालं. पोट भरायला घर सोडणाऱ्यांना ते आपलं वाटणारच होतं. प्रांत ज्यांना जागेवर ठेवू शकला नाही त्यांच्यापर्यंत केंद्राचा कार्यक्रम पोचत होता, आणि मेसर यांच्यासाठी देश का पेटला याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे.

याच घोळक्यातून अॅन मरे आल्या. स्प्रिंगहिल या खाणीच्या गावची ही मुलगी १९६४ साली आवाजाची चाचणी द्यायला आली, पण तिची निवड झाली नाही. दोन वर्षांनी लँगस्ट्रॉथ यांनी तिला शोधून परत बोलावलं. ती तेव्हा शिक्षिका होण्याच्या वाटेवर होती; पुढे काही काळ तिने शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलंही. १९७० साली ‘स्नोबर्ड’ या गाण्याने ती अमेरिकेपर्यंत पोचली; ते लिहिणारे जीन मक्लेलनही याच कार्यक्रमांच्या गोतावळ्यातले. नोव्हा स्कोशियातल्याच केप ब्रेटन बेटाचे जॉन ॲलन कॅमेरन पाद्री होण्याचं शिक्षण दीक्षेच्या तोंडावर सोडून आले आणि फिडलच्या धुना बारा तारांच्या गिटारीवर वाजवू लागले. त्यांचे मामा डॅन आर. मॅक्डॉनल्ड यांनी दोन हजारांहून जास्त धुना रचल्या होत्या. मामांच्या स्वयंपाकघरातलं ते धन भाच्याने किल्ट हा स्कॉटिश घागरा घालून देशासमोर मांडलं.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागली, आणि ती न सांगता पुढे जाणं मला पटत नाही. अर्ध्या तासात सगळ्यांना सोबत गाता यावं, तर गाणं आटोपशीर हवं. वीस-वीस कडव्यांची पोवाड्यासारखी लांब कथागीतं, एकट्याने, कसल्याही साथीशिवाय, ताल मोडून गायची जुनी रीत त्यात बसली नाही. गेलिक भाषेतली गाणी बसली नाहीत. मिकमाक आदिवासी आणि नोव्हा स्कोशियाची जुनी कृष्णवर्णीय वस्ती तर त्या उजळ, हसऱ्या चौकटीच्या बाहेरच राहिली. इयन मके या इतिहासकाराने १९९४ साली ‘द क्वेस्ट ऑफ द फोक’ या पुस्तकात क्रेटनबाईंच्या कामाचीच उलटतपासणी केली. त्याचं म्हणणं असं की खाणी, संप आणि शहरं असलेल्या प्रांताचं साध्याभोळ्या कोळ्यांचा देश असं चित्र रंगवलं गेलं, आणि पर्यटन खात्याला ते आयतं मिळालं. बाईंच्या हातगाडीबद्दलचा माझा आदर यामुळे कमी होत नाही. पण पडद्यावर दिसलं तेच आणि तेवढंच लोकसंगीत, असं समजणाऱ्याने हे पुस्तक वाचावं.

केप ब्रेटनची फिडल हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. नोव्हा स्कोशियाच्या उत्तरेच्या या बेटावर स्कॉटिश डोंगराळ लोकांच्या वंशजांनी एक वेगळीच वादनशैली जपली आहे. गज तारेवर तुटक तुटक मारत एका सुराचे तीन सूर करायचे, शेजारची तार सोबतीला गुणगुणत ठेवायची, पायाने जमिनीवर ठेका धरायचा आणि नाचणाऱ्याच्या टाचेकडे लक्ष ठेवून वाजवायचं. मेसर यांच्या गुळगुळीत धुनेपुढे हे वादन खडबडीत, काटेरी वाटतं. ऐकताना अंगात येतं ते मात्र हेच. देशभर दुमदुमली ती मेसर यांची फिडल. ही शैली बेटावरच्या स्वयंपाकघरांत आणि चर्चच्या सभागृहांत राहिली.

१९७१ साली सीबीसीसाठी रॉन मकिनिस यांनी या वादकांवर माहितीपट केला. नावच ‘द व्हॅनिशिंग केप ब्रेटन फिडलर’. सांगणं साधं होतं: म्हातारे वादक जात आहेत, तरुण शिकत नाहीत, ही कला संपणार. बेटावर ते पाहून लोक चिडले, काही दुखावले, आणि बरेच मनातून घाबरले, कारण सांगितलेलं सगळंच खोटं नव्हतं. बैठका झाल्या. धर्मगुरू जॉन अँगस रँकिन यांच्यासारखे लोक पुढे झाले, फिडलवाल्यांची संघटना उभी राहिली आणि जुलै १९७३मध्ये ग्लेनडेल या छोट्या गावात उत्सव भरला. शंभराहून अधिक फिडलवाले एका मंचावर उभे राहून एकच धून वाजवत होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मेसर वारले होते. सीबीसीने काढून टाकल्यावरचा त्यांचा कार्यक्रम हॅमिल्टनच्या एका स्थानिक वाहिनीवर शेवटपर्यंत चालू होता.

मेसर यांचा कार्यक्रम दहा वर्षं प्रेमाने गात राहिला, माहितीपटाने एका फटक्यात मरणाची बातमी दिली, आणि दोन्हींतून लोक वाजवू लागले. दुसऱ्या वाटेला यश आलं ते त्या चित्रफितीमुळे आलं असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. कंबर कसली ती बेटावरच्या माणसांनी. स्टॅन चॅपमन या शिक्षकाने मुलांना फिडलचे धडे द्यायला सुरुवात केली. एरवी ही विद्या घरात, काकाच्या किंवा आजोबाच्या मांडीला मांडी लावून यायची. आता ती वर्गातही मिळू लागली. त्या वर्गांतून नॅटली मॅकमास्टर आणि ॲशली मकायझॅक तयार झाले. १९९०च्या दशकात मकायझॅक ढोल, इलेक्ट्रिक गिटार आणि गेलिक गायिका सोबत घेऊन देशाच्या पॉप यादीत शिरले, आणि पडद्यावर किल्ट घालून पाय आपटत वाजवताना गजाची ती तुटक मार अगदी बेटावरच्यासारखीच ठेवली.